आमचा दार्जिलिंगचा बेत

प्रवासास निघण्यापूर्वीच मनुष्याचा एक प्रवास होऊन गेलेला असतो. समोर नकाशा पसरावा, आगगाडीचे वेळापत्रक उघडावे आणि एका गावावरून दुसऱ्या गावावर बोट फिरवीत जावे. या प्रवासास तिकीट लागत नाही, शिधा लागत नाही आणि गाडीही चुकत नाही. पुष्कळांच्या नशिबी एवढाच प्रवास असतो. तो तुच्छ मानू नये, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. कारण येत्या दिवाळीच्या सुटीत दार्जिलिंगला जाण्याचा जो बेत आमच्या वर्गाने केला आहे, त्याने एक पाऊलही उचलण्यापूर्वी आम्हांस बरेच काही शिकविले. तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सहलीचा विषय वर्गात निघाला तेव्हा प्रथम महाबळेश्वर, माथेरान, गोवा ही नेहमीची नावे पुढे आली. तोच भूगोलाच्या गुरुजींनी विचारले, “मुलांनो, सकाळी उठल्याबरोबर तुम्ही जे पिता, ते कोठून येते?” मागच्या बाकावरून उत्तर आले, “दुकानातून!” वर्गात हशा पिकला. परंतु दुकानाच्या पलीकडचे उत्तर कोणासही नीट देता येईना. चहा म्हणजे आपल्याकडे जणू घरचाच पदार्थ. पाहुणा आला की आधी आधण चढावयाचे. तथापि चहाचे झाड आमच्यापैकी एकानेही पाहिलेले नव्हते. त्याच दिवशी माथेरान मागे पडले व दार्जिलिंग पुढे आले.

मग नकाशे निघाले, ग्रंथालयातील पुस्तके निघाली. दार्जिलिंग हे पश्चिम बंगालच्या अगदी उत्तर टोकास, हिमालयाच्या खालच्या डोंगररांगेत, सुमारे ६,७०० फूट उंचीवर वसलेले नगर. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर उभे राहिले तरी दार्जिलिंगचा बाजार आपल्याहून उंचच! हा मुलूख पूर्वी सिक्कीमच्या राजाचा. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आजारी गोऱ्या शिपायांच्या हवापालटासाठी तो मागून घेतला. पुढे डॉक्टर कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याने १८४१ साली आपल्या बंगल्याच्या आवारात चिनी चहाचे बी लावून पाहिले. ते रुजले. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत डोंगरउतारावरील रान तुटले, चहाचे मळे उभे राहिले आणि नेपाळातून हजारो कुटुंबे मजुरीसाठी येऊन स्थायिक झाली. आज ज्यास दार्जिलिंगचा चहा म्हणून मान्यता आहे तो ८७ मळ्यांतून येतो, व २००४ साली ‘भौगोलिक निर्देशन’ म्हणून नोंदला गेलेला तो भारतातील पहिला जिन्नस होय.

येथे एका गमतीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हा चहा दुधावाचून, अगदी फिका पितात, हे ऐकून एका मैत्रिणीच्या आईला मोठीच काळजी पडली. तिने मुलीजवळ निरोप पाठविला, “अहो, तिकडे आले आणि गवती चहा मिळतो का ते आधी विचारून घ्या. नाही तर पुडी बांधून देते.” आपल्या घरी जो उकळून, आले ठेचून, दूध घालून करतात तो चहा बहुधा आसामच्या किंवा डुआर्सच्या सपाटीवरील बारीक दाणेदार भुकटीचा असतो. दार्जिलिंगचे पान नाजूक. त्यावर कढत पाणी ओतून ते काही क्षण झाकून ठेवावयाचे, एवढाच त्याचा पाक. आईंच्या पुडीचा मान आम्ही राखणार आहोत; ती आगगाडीत कामास येईल.

वाटेचा अभ्यास हा तर बेतातील सर्वांत रसाळ भाग ठरला. भुसावळास मुंबई–हावडा मेल धरावयाची; अकोला, बडनेरा, नागपूर, गोंदिया ही आपली स्थानके मागे टाकीत रायपूर, बिलासपूर, टाटानगर करीत हावड्यास पोहोचावयाचे. मुंबईहून हे अंतर नागपूरमार्गे सुमारे १,९७० किलोमीटर भरते. हावड्याहून हुगळी ओलांडून सियालदह स्थानक गाठावे, तेथे रात्रीची दार्जिलिंग मेल धरावी, म्हणजे सकाळी न्यू जलपाइगुडी. तेथून पुढे डोंगर.

ही दार्जिलिंग मेल फाळणीपूर्वी आजच्या वाटेने जात नव्हती. ती कलकत्त्याहून सरळ उत्तरेस, आज जो बांगलादेश आहे त्या भागातून, पद्मा नदीवरील १९१५ सालच्या हार्डिंज पुलावरून जात असे. १९४७ साली देश दुभंगला आणि एका रात्रीच्या प्रवासाची वाट परक्या देशात गेली. मग कित्येक वर्षे प्रवाशांना साक्रीगली घाटावर सामानसुमानासह उतरून, बोटीने गंगा ओलांडून, पैलतीरी मनिहारी घाटास दुसरी गाडी धरावी लागे. फराक्का येथे गंगेवर मोठा बंधारा झाला व तो १९७५ साली सुरू झाला. आज आगगाडी त्यावरून जाते. फाळणीचा धडा आम्ही इतिहासाच्या पुस्तकात सनावळीसह पाठ केला होता. परंतु नकाशावर रेघ कशी पडते आणि त्या रेघेपायी म्हाताऱ्या माणसाला वळकटी घेऊन नावेत कसे चढावे लागते, हे वेळापत्रक चाळताना आम्हांस कळले.

यानंतर पालकांची सभा झाली. सभेत पहिला प्रश्न अर्थातच सुरक्षिततेचा निघाला आणि तो योग्यच होता. दार्जिलिंगचे डोंगर तरुण, उतार उभे, आणि पाऊस वर्षास १०० इंचांहून अधिक. दरडींचा इतिहास काढला तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. १९६८ साली तेथे जो भयंकर जलप्रलय झाला तो ऑक्टोबरच्या आरंभी. २०२३ साली सिक्कीममधील हिमसरोवर फुटून तिस्ता नदीस पूर आला तोही ऑक्टोबरच्या आरंभी. २०२५ साली मिरिक व आसपासच्या भागांत दरडी कोसळून वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली, तेही ऑक्टोबरच्याच पहिल्या आठवड्यात. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास पाऊस सरला असे आपण समजतो. तिकडे मात्र जाता जाता तो एखादा शेवटचा घाव घालू शकतो. म्हणून प्रथम ठरविलेला ऑक्टोबरचा प्रारंभ सोडून आम्ही दिवाळीनंतरचे दिवस पक्के केले. हा निर्णय भीतीपोटी केला असे कोणी म्हणू नये. ज्या घरी जावयाचे त्या घरची वेळ पाहून जाणे, एवढाच त्याचा अर्थ.

आता खर्चाची गोष्ट. ती सांगण्यास संकोच वाटतो. परंतु बेताचे खरे मर्म तेथेच आहे.

प्रारंभी एका प्रवासी मंडळाचे सचित्र पत्रक आमच्या हाती आले होते. चार दिवसांत दार्जिलिंग, कालिम्पाँग, गंगटोक आणि वाटेतील झाडून सारी ‘प्रेक्षणीय स्थळे’ दाखविण्याचे त्यात आश्वासन होते. एका दिवसाच्या रकान्यात तर सात ठिकाणे होती. पत्रक वर्गात फिरले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एका सोबत्याने नाव काढून घेतले. “मला थंडी सोसत नाही,” असे तो म्हणाला. हे कारण आम्हांस पटले नाही. ज्याचे वडील स्टेशनच्या वाटेवर चहाचे दुकान चालवितात, आणि जो पहाटे साडेचारला शेगडी पेटवावयास त्यांच्याबरोबर जातो, त्याला थंडीचे भय कसले? खरे कारण पत्रकाच्या शेवटच्या ओळीतील आकड्यात होते. आठवडाभरात आणखी तिघांना थंडी सोसेनाशी झाली.

त्या दिवशी वर्गात बराच वेळ वाद झाला. कोणी म्हणाले, वर्गणी काढून चौघांना न्यावे. त्यावर एक वर्गभगिनी उभी राहून म्हणाली, “आपण त्यांना नेऊ, हे म्हणणे सोपे आहे, पण आपल्याला कोणी असे नेले असते तर आपण गेलो असतो का?” सारे निरुत्तर झाले. शेवटी असे ठरले की अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि ते अंथरूण सर्वांना पुरेल एवढेच असावे. पत्रक बाजूस ठेवले. गंगटोक गाळले, कालिम्पाँग गाळले. विद्यार्थ्यांस मिळणाऱ्या भाडेसवलतीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने पाठविण्याचे ठरले. शिदोरी घरून न्यावयाची. हॉटेलाऐवजी एका मळ्याजवळच्या खेड्यात साध्या घरी उतरावयाचे. जी काही रक्कम उरली तिच्यासाठी वर्गात एक कुलूपबंद पेटी ठेवली आहे. ज्याला जितके साधेल तितके त्याने दर शनिवारी त्या पेटीत टाकावे; कोणी किती टाकले हे कोणासही कळत नाही. रद्दी विकून आलेला पैसाही तीतच जातो. चारही नावे यादीत परत आली आहेत, आणि थंडीची तक्रार पुन्हा कोणी केलेली नाही.

गाळागाळीत काही हानी झाली का? आम्हांस तरी तसे वाटत नाही. उदाहरणार्थ, छोटी आगगाडी. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही गाडी १८७९ ते १८८१ या काळात बांधली गेली. ती घूम येथे ७,४०७ फुटांवर चढते, आणि १९९९ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. आपली नेरळ–माथेरानची गाडी तिच्याच रुंदीची, पण धाकटी बहीण. तिचा जन्म १९०७ चा. सपाटीपासून वरपर्यंत ८८ किलोमीटर या गाडीने जाण्यास जवळजवळ सारा दिवस लागतो, आणि भाडेही आमच्या पेटीस न झेपणारे. तेव्हा आम्ही असे योजिले की घूमपासून दार्जिलिंगपर्यंत रुळांच्या कडेच्या रस्त्याने उतरत पायी यावयाचे. वाटेत बतासियाचे वळण लागते. तेथे रूळ स्वतःभोवतीच फिरून खाली उतरतात. गाडीत बसलेल्याला गाडी दिसत नाही. आम्हांस ती दिसेल.

तसेच ‘टायगर हिल’चे. पहाटेच्या अंधारात शेकडो मोटारी सूर्योदय पाहण्यास तेथे चढतात. आम्ही चौरस्त्यामागील टेकडीच्या वाटेवरून, आकाश निरभ्र असल्यास, तेच कांचनगंगा पायी फिरून पाहणार आहोत. हिमालयीन गिर्यारोहण संस्था मात्र चुकवावयाची नाही. ती १९५४ साली स्थापन झाली, आणि एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे तेनसिंग नोर्गे हे तिचे पहिले शिक्षणप्रमुख. इतरांची ओझी वाहण्याचे काम मिळावे म्हणून जो तरुण दार्जिलिंगला आला, तोच पुढे चढाईचा गुरू झाला. ती संस्था व तिच्या आवारातील प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असते, म्हणून आमच्या दिनक्रमात गुरुवार मळ्याकडे दिला आहे.

आता पाण्याविषयी. ज्या घरी उतरावयाचे त्या घरच्या बाईंना आम्ही हिंदीत पत्र लिहिले होते. त्यांचे उत्तर फार अगत्याचे आले, शेवटी मात्र एक ओळ होती: “स्नानास प्रत्येकी एक बादली मिळेल.” १०० इंच पावसाच्या मुलुखात पाण्याची टंचाई! आम्हांस प्रथम हे खरे वाटेना. शोध केला तेव्हा कळले की शहरास पाणी पुरविणारे सिंचलचे तलाव १९१० व १९३२ सालचे. तेव्हाचे गाव लहान, आणि २०११ च्या शिरगणतीत नगराची वस्ती एक लाखाच्या वर गेलेली. शिवाय उभ्या उतारावर पडलेले पाणी थांबत नाही, ते खाली धावते. हिवाळा सरला की झरे आटतात आणि लोकांस पाणी विकत घ्यावे लागते. नेमके त्याच उन्हाळ्याच्या दिवसांत हवा खाण्यास येणाऱ्यांची गर्दी होते. आमच्या तालुक्यात वैशाखात टँकरची वाट पाहत घागरी रांगेने ठेवणाऱ्या आमच्या आया-बहिणींस हे दुःख समजावून सांगावयास नको. एक बादली? आम्ही अर्ध्या बादलीत स्नान करणारी मुले आहोत, असे उलट टपाली कळविले.

चहाच्या दुकानाच्या काकांना आमचा बेत पक्का झाल्याचे कळले तेव्हा त्यांनी आम्हां चौघांना बोलावून फुकट चहा पाजला आणि म्हणाले, “पोरांनो, माझ्यासाठी काही आणू नका. एवढेच विचारून या, की ते पान तोडणारी बाई दिवसाकाठी किती तोडते आणि तिला किती मिळते.” या प्रश्नाने आमच्या सहलीला खरा हेतू दिला. आम्ही जमविलेली माहिती अशी: टोकाची दोन कोवळी पाने व मिटलेला अंकुर एवढेच खुडावयाचे, अशी सुमारे साडेचार किलो हिरवी पाने सुकवून, मळून, आंबवून व भाजून निघाली की एक किलो चहा होतो. तोडणीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात, पाठीवरच्या टोपलीचा पट्टा डोक्यावरून घेऊन. उंची चहा किलोस हजारो रुपयांना विकला जातो. पश्चिम बंगालमध्ये मळ्यातील मजुराची रोजची मजुरी २०२३ साली २५० रुपये ठरली. घर, दवाखाना व मुलांची शाळा यांची तरतूद मळेवाल्याने करावी असा कायदा १९५१ सालीच झाला होता. परंतु ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिले तिचा हक्क आपल्या नावे असावा, ही मजुरांची मागणी फार जुनी आहे. हे आकडे आम्ही पुस्तकातून काढले. काकांना मात्र आम्ही प्रत्यक्ष विचारून आणलेलेच उत्तर देणार आहोत.

आपल्या शाळेच्या वाचकांस आणखी एका गोष्टीचे अगत्य वाटेल. या डोंगरांत मिशनच्या शाळा फार जुन्या. लोरेटोच्या भगिनींनी १८४६ साली तेथे शाळा काढली. कालिम्पाँगला स्कॉटलंडचे रेव्हरंड ग्रॅहम यांनी १९०० साली अवघ्या सहा मुलांवर एक आश्रम सुरू केला. मळ्यांवरील गोरे साहेब व तेथील स्त्रिया यांची जी मुले ना इकडची ना तिकडची म्हणून टाकली जात, त्यांच्यासाठी तो होता. मदर तेरेसा यांनी आपल्या व्रतजीवनाची उमेदवारी दार्जिलिंगलाच १९२९ पासून केली. पुढे १० सप्टेंबर १९४६ रोजी एकांतवासासाठी दार्जिलिंगकडे जात असता, आगगाडीतच, गरिबांतील गरिबांची सेवा करण्याची हाक त्यांना ऐकू आली. त्या डोंगरावर विसावा घेण्यास निघाल्या होत्या, आणि हाक आली ती खालच्या गल्ल्यांची. पेत्रालाही डोंगरावर प्रभूचे तेज पाहून तेथेच मंडप घालावे असे वाटले होते. परंतु खाली उतरावेच लागले, आणि पायथ्याशी एक आजारी मूल वाट पाहत होते.

भाषेचीही थोडी तयारी चालू आहे. तेथील लोकांची बोली मुख्यतः नेपाळी. ती देवनागरीतच लिहितात, म्हणून दुकानांवरच्या पाट्या आम्हांस वाचता येतील. १९९२ साली जी घटनादुरुस्ती झाली तीत नेपाळी, मणिपुरी व आपली शेजारीण कोंकणी या तिन्ही भाषा एकाच वेळी आठव्या परिशिष्टात गेल्या. तेव्हा नाते अगदीच दूरचे नाही. ‘चिया’ म्हणजे चहा, ‘बाटो’ म्हणजे वाट, वडील बहिणीस ‘दिदी’, थोरल्या भावास ‘दाजु’. यजमानीणबाईंस आम्ही ‘दिदी’ म्हणणार.

आपल्यात म्हणतात, दुरून डोंगर साजरे. या म्हणीचा अर्थ आम्ही असा समजत होतो की जवळ गेले की निराशा होते. आता वाटते, जवळ गेले की तेथील माणसे दिसतात, इतकेच. आणि ती दिसल्यावर डोंगर कमी साजरा होत नाही. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड व जो ब्राउन हे दोघे कांचनगंगेच्या, २८,१६९ फुटांच्या त्या शिखराच्या अगदी जवळ जाऊन पोहोचले. आजवर तेथे कोणी मनुष्य गेला नव्हता. माथा चार पावलांवर होता. परंतु सिक्कीमचे लोक त्या शिखरास पवित्र मानतात, व त्यावर पाय ठेवणार नाही असे वचन मोहिमेने दिलेले होते. म्हणून ते तेवढे अंतर तसेच सोडून परतले. त्यांचा विजय त्यामुळे उणा झाला असे जगात कोणी म्हटलेले नाही. आमच्या वर्गाच्या भिंतीवर जो बेताचा तक्ता लाविला आहे, त्यावर स्थळांच्या यादीखाली हीच गोष्ट एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहून ठेविली आहे.

पेटी अजून भरावयाची आहे, लोकरी कपडे जमवावयाचे आहेत, आणि दोन पालकांची संमती यावयाची आहे. बेत तडीस नेणे ईश्वराच्या हाती. त्याच्या कृपेने सारे सुखरूप जाऊन आलो, तर काकांच्या प्रश्नाचे उत्तर आणि दिदींच्या घरची हकीकत पुढील वार्षिकात वाचकांस सादर करू.